हातातली गोळी पोटात जाते तेव्हा

आठवीच्या वर्गात ‘लोह कशातून मिळतं?’ असं विचारलं, की भराभर हात वर होतात. पालेभाज्या, कडधान्यं, गूळ, खजूर, मटण. हिमोग्लोबिन शरीरभर प्राणवायू पोहोचवतं, हेही मुली घडाघडा सांगतात. त्याच वर्गात खिचडी खाऊन झाल्यावर रक्तवाढीची निळी गोळी वाटली जाते, तेव्हा काही गोळ्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात जातात आणि काही जिभेखाली दडवून नंतर नळावर थुंकल्या जातात. मुलींना माहिती आहे, गोळी हातात आहे, तिला पैसेही पडत नाहीत. तरी ती पोटात जात नाही.

अशा वेळी आपण सहसा आणखी माहिती देतो. आणखी एक तक्ता, आणखी एक व्याख्यान. पण ज्या मुलीला उत्तर आधीच पाठ आहे, तिला तेच उत्तर मोठ्या आवाजात सांगून काय होणार? माणसं कळलेलं का करतात आणि का करत नाहीत, याचा गेली सत्तर वर्षं पद्धतशीर अभ्यास झाला आहे. त्यातून निघालेल्या विचारचौकटींना वर्तनाचे सिद्धांत म्हणतात. नाव जड असलं तरी हे सिद्धांत म्हणजे मुळात विचारायचे प्रश्न आहेत, आणि ते कसे वापरायचे हे या निळ्या गोळीवरूनच नीट समजून घेता येतं.

आधी गोळीबद्दल

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019–21) भारतातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 57 टक्के स्त्रियांना ॲनिमिया (रक्तात हिमोग्लोबिन कमी असणं) आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण 54.2 टक्के होतं. 15 ते 19 वयाच्या मुलींमध्ये ते देशात 59 टक्के, तर महाराष्ट्रात 57 टक्के होतं. आधीच्या फेरीपेक्षा हे आकडे वाढलेले आहेत.

मुलींना लोह जास्त का लागतं, याचा हिशेब सोपा आहे. पाळीत साधारण 30 ते 40 मिलिलिटर रक्त जातं आणि प्रत्येक मिलिलिटरमागे अर्धा मिलिग्रॅम लोह जातं. म्हणजे दर महिन्याला 15 ते 20 मिलिग्रॅम लोह शरीराबाहेर पडतं, तेही उंची आणि वजन वाढण्याच्या वयात. भाजी-भाकरीतलं लोह शरीर पूर्ण शोषून घेत नाही, त्यातला थोडाच वाटा रक्तात पोहोचतो. शिवाय ज्या घरात मुलगी आणि आई सगळ्यांच्या मागून जेवतात, तिथे ताटात उरतं तेही कमीच.

म्हणून किशोरवयीनांसाठी आठवड्याला एक लोह-फॉलिक ॲसिडची गोळी देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. 2018 पासून ‘ॲनिमिया मुक्त भारत’ अभियानात या गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. सोबत वर्षातून दोनदा जंतनाशक गोळी. शाळेत जाणाऱ्यांना ती शाळेत मिळते, शाळाबाह्य मुलींना अंगणवाडीतून. कागदावर साखळी पूर्ण आहे. तिची शेवटची कडी मात्र मुलीच्या घशाशी आहे, आणि तिथे सरकारचा हुकूम चालत नाही.

फुकटचा एक्स-रे आणि न आलेली माणसं

1950 च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेपुढे अशीच अडचण होती. क्षयरोग लवकर कळावा म्हणून छातीचा एक्स-रे काढणाऱ्या गाड्या वस्तीत येऊन उभ्या राहत. पैसे लागत नव्हते, लांब जावं लागत नव्हतं. तरी पुष्कळ लोक येत नव्हते. गॉडफ्री हॉकबॉम या मानसशास्त्रज्ञाने तीन शहरांतल्या 1200 हून अधिक प्रौढांशी बोलून कारण शोधलं. त्याला दिसलं की ‘हा आजार मलाही होऊ शकतो’ आणि ‘लवकर कळलं तर फायदा आहे’ या दोन्ही गोष्टी ज्यांना पटल्या होत्या, त्यांच्यापैकी 82 टक्के लोकांनी आपण होऊन एक्स-रे काढला होता. ज्यांना दोन्ही पटल्या नव्हत्या, त्यांच्यात हे प्रमाण 21 टक्के होतं.

हॉकबॉम, अर्विन रोझेनस्टॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातून आरोग्य-धारणा प्रारूप मांडलं. त्याचं म्हणणं असं, की आरोग्यासाठी काही करण्याआधी माणूस मनात काही प्रश्नांची उत्तरं शोधतो. हे मला होईल का? झालं तर कितपत वाईट? सांगितलेला उपाय खरंच चालतो का? त्यात त्रास किती? आणि हे आत्ताच करायला काही निमित्त आहे का? 1988 मध्ये त्यात आणखी एका प्रश्नाची अधिकृत भर पडली: मला हे जमेल का?

आता हे प्रश्न गोळी थुंकणाऱ्या मुलीच्या बाजूने विचारून पाहू.

‘मला कुठे काय झालंय?’

ॲनिमियाची अडचण अशी की तो सवयीचा होऊन जातो. दम लागतो, चक्कर येते, अभ्यासात लक्ष लागत नाही, संध्याकाळी पाय दुखतात. पण आईचेही दुखतात, काकूचेही दुखतात. मग ‘बायकांना असतंच हे’ असं म्हणून विषय संपतो. जे सगळ्यांना आहे, ते आजार वाटत नाही.

1989 मध्ये डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या 650 स्त्रियांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. त्यात 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले. आधी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त 8 टक्के. सर्रास आढळणारं दुखणं आणि प्रकृतीला धरून असलेली स्थिती या वेगळ्या गोष्टी आहेत, हे या अभ्यासाने जगाला दाखवलं. तोच फरक वर्गातल्या मुलींपर्यंत पोहोचवायला हवा.

त्यासाठी देशाची टक्केवारी फारशी उपयोगी पडत नाही. ‘देशात 59 टक्के’ ऐकल्यावर प्रत्येकीला वाटतं, आपण उरलेल्या 41 मध्ये आहोत. तिचं स्वतःचं एचबी (हिमोग्लोबिन) तपासून तो आकडा तिच्या हातात दिला, की चित्र बदलतं. बारा वर्षांवरच्या मुलीचं हिमोग्लोबिन डेसिलिटरमागे 12 ग्रॅमच्या खाली असेल तर तो ॲनिमिया. हा नियम आणि तिचा 9.8 किंवा 10.4 शेजारी शेजारी लिहिला की ‘मला होईल का?’ याचं उत्तर व्याख्यानाशिवाय मिळतं. मात्र हा आकडा तिला एकटीला सांगायचा. भर वर्गात वाचून दाखवला तर शिक्षणाच्या जागी लाज उभी राहते.

‘कितपत वाईट?’ याचं उत्तरही तिच्या वयाचं असायला हवं. पंधरा वर्षांच्या मुलीला बाळंतपणातल्या रक्तस्रावाची भीती दाखवली तर ते फार लांबचं वाटतं. कबड्डीत दुसऱ्या चढाईला दम लागणं, जिना चढताना छाती धडधडणं, गणिताच्या तासाला डोळे मिटणं हे तिचं आजचं आहे.

भीती दाखवताना

भीतीबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे, कारण आपल्याकडच्या आरोग्यशिक्षणात ती फार वापरली जाते. किम विट या संशोधिकेने 1992 मध्ये मांडलेला विचार इथे उपयोगी आहे. धोका मोठा वाटला आणि उपाय आपल्या हातात आहे असंही वाटलं, तर माणूस धोक्याशी लढतो. धोका मोठा वाटला पण उपाय हातात नाही असं वाटलं, तर तो धोक्याऐवजी भीतीशीच लढतो: विषय टाळतो, हसण्यावारी नेतो, ‘काही नाही होत’ म्हणतो. म्हणून धोका सांगितला की त्याच दमात जमण्याजोगा उपाय सांगायचा. नुसतं घाबरवून सोडलं, तर आपण मुलींना कानावर हात ठेवायलाच शिकवतो.

त्रासाचा हिशेब

गोळी नाकारणाऱ्या मुलींना रागे न भरता विचारलं, तर कारणं अगदी साधी निघतात. मळमळतं. पोटात दुखतं. शी काळी होते. ‘आई म्हणते, गोळ्या गरम पडतात.’ वास कसातरी येतो. यातलं एकही कारण अज्ञान नाही. हे सगळे अनुभव आहेत. ते खोडून काढले, की सांगणाऱ्यावरचा विश्वास जातो.

इथे शिक्षिकेने किंवा आशाताईंनी करायचं ते असं: त्रास होण्याआधीच तो सांगून ठेवायचा. ‘शी काळी होईल. शरीराने न शोषलेलं लोह बाहेर पडतं म्हणून तसं दिसतं, घाबरायचं नाही. काहींना पहिल्या काही वेळा मळमळेल.’ आधी सांगितलेली मळमळ ओळखीची वाटते, न सांगता आलेली विषबाधा वाटते.

मग त्रास कमी करायचा. गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही, जेवणानंतर घ्यायची. लगेच चहा प्यायचा नाही, कारण चहातली द्रव्यं लोहाला धरून ठेवतात आणि ते शोषलं जात नाही. तासाभराचं अंतर हवं. खिचडीवर लिंबू पिळलं किंवा सोबत आवळा असला, तर क जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषलं जातं. अनेक ठिकाणी गोळीचा वार सोमवार असतो. श्रावणात त्या दिवशी कितीतरी मुली उपवास करतात आणि पोट जवळजवळ रिकामं असतं. अशा मुलींना ‘उपवास मोडा’ सांगण्यात अर्थ नाही. त्यांची गोळी मंगळवारी जेवणानंतर द्यावी. एवढ्या साध्या फेरफाराने एक अडथळा दूर होतो, आणि तो कुठल्याही तक्त्याने दूर झाला नसता.

फायद्याची बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. तांबड्या पेशी सुमारे 120 दिवस जगतात. नव्या, चांगल्या भरलेल्या पेशी तयार व्हायला वेळ लागतो. त्यामुळे त्रास आज दिसतो आणि फायदा काही आठवड्यांनी. हे न सांगितल्याने मुलगी दोन गोळ्यांनंतर ‘काहीच फरक नाही’ म्हणून थांबते. काही महिन्यांनी पुन्हा एचबी तपासलं आणि वाढलेला आकडा तिला दाखवला, तर तिच्यासाठी त्याहून चांगलं व्याख्यान नाही.

‘मला जमेल’ हा विश्वास

अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये स्वतःच्या क्षमतेवरच्या विश्वासाचा सिद्धांत मांडला. त्यांच्या मते हा विश्वास चार वाटांनी येतो: आपण स्वतः करून पाहिलं, आपल्यासारख्या कुणाला करताना पाहिलं, विश्वासातल्या माणसाने धीर दिला, किंवा त्या वेळी शरीराला आणि मनाला बरं वाटलं. यातली पहिली वाट सर्वांत बळकट.

म्हणूनच गोळी कशी घ्यायची हे फळ्यावर शिकवण्यापेक्षा वर्गात घेऊन दाखवावी. शिक्षिकेने मुलींसमोर आपली गोळी आधी घ्यावी. ज्यांना गिळायला भीती वाटते त्यांना जिभेवर मागे ठेवून घोटभर पाण्याबरोबर गिळण्याचा सराव करून द्यावा. वरच्या वर्गातली जी मुलगी नियमित घेते, तिने ‘मलाही आधी मळमळायचं, मग जेवल्यावर घ्यायला लागले’ असं सांगितलं, तर ते डॉक्टरांच्या सांगण्यापेक्षा जवळचं वाटतं.

‘आपल्यासारखी कुणी’ ही ताकद महाराष्ट्राला चांगली ठाऊक आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला काम सुरू केलं आणि गावातल्याच, बऱ्याचदा अक्षरओळख नसलेल्या स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवलं. गर्भारपणात काय खावं हे शेजारच्या गल्लीतली बाई सांगत होती, जिने स्वतः तेच दिवस काढले होते. तिचं ऐकताना ‘मोठ्या लोकांना जमतं, आम्हाला नाही’ हे म्हणायला जागा उरत नव्हती.

घरातली माणसं आणि गावातली कुजबुज

मुलगी एकटी निर्णय घेत नाही. आइसेक अजझेन यांचा नियोजित वर्तनाचा सिद्धांत (1991 मध्ये त्यांनी तो सविस्तर मांडला) म्हणतो, की आपला इरादा तीन गोष्टींवर ठरतो: ती कृती आपल्याला कशी वाटते, आपल्या माणसांना ती कशी वाटते, आणि ती आपल्या हातात आहे असं वाटतं का. आपल्याकडच्या मुली-स्त्रियांच्या बाबतीत मधली गोष्ट कितीदा तरी सर्वांत भारी पडते.

गर्भवतीला 180 दिवस रोज एक लाल गोळी घ्यायची असते. तिच्या घरात ‘गोळ्यांनी बाळ मोठं होतं, मग बाळंतपण अवघड जातं’ असं सासूबाईंना वाटत असेल, तर सुनेला कितीही समजावलं तरी पाकीट फळीवरच राहील. किशोरींच्या गोळ्यांबद्दल ‘पुढे मूल होऊ नये म्हणून देतात’ अशी अफवा अनेक भागांत ऐकू येते. म्हणून या शिक्षणातला अर्धा श्रोता वर्गाबाहेर असतो. आईला पालकसभेत बोलवायचं, सासूबाईंना गृहभेटीत मानाने सामील करून घ्यायचं: ‘आक्का, तुम्हीच रात्री जेवल्यावर आठवण करा, तुमचं ती ऐकेल.’ अडवणाऱ्या व्यक्तीकडे जबाबदारी दिली, की ती पुष्कळदा राखणदार होते.

आणि भीती किती वेगाने पसरते? जुलै 2013 मध्ये दिल्लीच्या शाळांत हा कार्यक्रम सुरू होताच अनेक विद्यार्थ्यांना मळमळ आणि पोटदुखी झाली, त्यांना रुग्णालयात न्यावं लागलं. नेमक्या त्याच आठवड्यात बिहारमध्ये शाळेतल्या जेवणातून विषबाधा होऊन मुलं दगावल्याची बातमी देशभर गाजत होती. अशा हवेत ओळखीचा दुष्परिणामही संकट वाटतो, आणि एकीला मळमळलं की शेजारचीलाही मळमळू लागतं. पालकांना आधी विश्वासात घेणं ही औपचारिकता नाही, हे अशा वेळी कळतं.

सगळ्या एकाच पायरीवर नसतात

जेम्स प्रोचास्का आणि कार्लो डिक्लेमेंटी यांनी 1983 मध्ये स्वतःहून धूम्रपान सोडू पाहणाऱ्या 872 लोकांच्या अभ्यासातून दाखवलं, की बदल टप्प्याटप्प्याने होतो. विचारच नाही, विचार चालू आहे, तयारी झाली, कृती सुरू झाली, कृती टिकली. वर्गातल्या चाळीस मुली या वेगवेगळ्या पायऱ्यांवर असतात. जिला प्रश्नच वाटत नाही, तिला तिचा एचबीचा आकडा हवा. जी ‘घेईन म्हणते, पण मळमळतं’ म्हणते, तिला लिंबू आणि जेवणानंतरची वेळ हवी. जी घेते पण सुट्टीत विसरते, तिला आठवणीचा खुंटा हवा. पीटर गॉलविट्झर यांच्या संशोधनातून दिसतं, की ‘मी घेईन’ या नुसत्या इराद्यापेक्षा ‘रविवारी दुपारचं जेवण झालं, की ताट घासायच्या आधी घेईन’ असं वेळ-जागेसह ठरवलेलं अधिक पार पडतं. दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधी प्रत्येकीने असं एक वाक्य आपल्या वहीत लिहावं.

दोष मनात आहे की कपाटात?

सूझन मिकी आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये आधीच्या अनेक चौकटी एकत्र पाहून एक सोपी मांडणी दिली. कुठल्याही वर्तनाला तीन गोष्टी लागतात: क्षमता, संधी आणि प्रेरणा. यातली एक नसली तरी काम अडतं. शिक्षणाने क्षमता वाढते, प्रेरणाही वाढू शकते. पण संधी बाहेरची असते.

ही चौकट मला सर्वांत मोलाची वाटते, कारण ती शिकवणाऱ्याला प्रामाणिक ठेवते. शाळेच्या कपाटात तीन महिने गोळ्याच नसतील, पिण्याच्या पाण्याची टाकी कोरडी असेल, तर मुलींचं प्रबोधन करणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. गडचिरोली, नंदुरबारसारख्या भागांत सिकलसेलचं प्रमाण लक्षणीय आहे. तिथे थकवा असलेल्या मुलीला लोहाची गोळी पुरणार नाही, तिची योग्य तपासणी व्हायला हवी. घरात पुरेसं अन्नच नसेल, तर ‘रोज पालेभाजी आणि खजूर खा’ हा सल्ला तिच्या गरिबीची आठवण करून देण्यापलीकडे काही करत नाही. स्त्रियांच्या आरोग्याबाबत आपण फार सहजपणे ‘बायका ऐकतच नाहीत’ म्हणून मोकळे होतो. सिद्धांत नीट वापरला, तर आधी पुरवठा, पाणी, वेळ आणि पैसा तपासावा लागतो, आणि मगच बाईकडे बोट दाखवता येतं. बहुतेक वेळा मग ते दाखवावंसं वाटत नाही.

हे प्रत्यक्षात कसं करायचं

पुढच्या सत्राची तयारी तक्त्यापासून सुरू करू नका. गोळी नियमित घेणाऱ्या पाच आणि न घेणाऱ्या पाच मुलींशी एकेकटीने बोला. ‘का घेत नाहीस?’ या प्रश्नात आरोप आहे. त्याऐवजी विचारा, ‘मागच्या चार सोमवारी काय काय झालं ते सांग.’ त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या.

मग प्रत्येक उत्तरापुढे लिहा, हे कशात बसतं: धोका वाटत नाही, त्रास होतो, जमणार नाही असं वाटतं, घरचे नको म्हणतात, विसर पडतो, की गोळीच मिळत नाही. ज्या रकान्यात जास्त उत्तरं जमतील, ते तुमच्या सत्राचं काम. सगळं एकदम करायला जाऊ नका. त्रासाचा रकाना भरला असेल तर लिंबू आणि वार बदला. घरचा भरला असेल तर पालकसभा घ्या. कपाटाचा भरला असेल तर सत्र रद्द करून प्राथमिक आरोग्य केंद्राकडे मागणीपत्र पाठवा.

शेवटी मोजमाप. सत्रानंतरच्या प्रश्नमंजूषेत मिळालेले गुण मोजू नका, ते आधीही चांगलेच होते. महिन्याभरात प्रत्यक्ष किती गोळ्या गिळल्या गेल्या ते मोजा, आणि न गिळलेल्या गोळीची कबुली देणाऱ्या मुलीला शाबासकी द्या, कारण तिच्यामुळेच पुढची दुरुस्ती करता येते. काही महिन्यांनी एचबी पुन्हा तपासा. आकडे हलले नाहीत, तर मुली चुकल्या असं न म्हणता आपण चुकीचा रकाना निवडला असं धरा आणि पुन्हा विचारायला जा. शिकवण्याआधी ऐकायचं, हीच या सगळ्या सिद्धांतांची पहिली अट आहे. मुली-स्त्रियांच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या प्रत्येकाने ती पाळावी, एवढी त्या मुलींची मागणी रास्तच आहे.